स्टेथोस्कोपचे चित्र आणि चित्राबाहेरचा रुग्ण



१८ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा संत लूक यांचा सण साजरा करते. ते वैद्य होते, ही माहिती आपल्याला संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातून मिळते. म्हणून डॉक्टर मंडळी त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. पण चित्रकारांचेही आश्रयदाते तेच आहेत, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पवित्र मरियेचे चित्र प्रथम लूक यांनी रेखाटले, अशी एक जुनी परंपरा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती टिकणे कठीण. परंतु तिच्यामुळेच अँटवर्प, हार्लेम, डेल्फ्ट या शहरांतील चित्रकारांच्या संघांना कित्येक वर्षे संत लूक यांचे नाव होते. एकाच संताच्या छत्राखाली वैद्यही आले आणि चित्रकारही. त्यांच्या सणाच्या निमित्ताने या दोघांच्या सीमेवरचा एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावा, असे आम्हाला वाटले.

काही दवाखान्यांच्या भिंतीवर एका विशिष्ट प्रकारची चित्रे लावलेली असतात. आपल्या मुलांपैकी जी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसली आहेत, त्यांना स्थिरचित्र म्हणजे काय हे सांगायला नको. टेबलावर गुंडाळून ठेवलेला स्टेथोस्कोप, शेजारी पितळी खलबत्ता, काचेची जुनी सिरिंज, औषधाची निळी बाटली आणि तिच्यावर पडलेला खिडकीतला उजेड. चित्र देखणे असते. डॉक्टर झालेल्या मुलाला किंवा नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केलेल्या मुलीला कोणी असे चित्र भेट म्हणूनही देतो. वैद्यकीय सेवेचा गौरव करावा, हा त्यामागचा हेतू. मात्र या चित्रात आजारी माणूस कोठेच नसतो. ज्याच्यासाठी ही सगळी अवजारे घडवली, त्यालाच चौकटीबाहेर ठेवून अवजारांचा गौरव करणे योग्य आहे का?

फादरांना दुसरे काम नाही, म्हणून त्यांनी हा प्रश्न उकरून काढला, असे कोणी म्हणेल. परंतु अवजाराकडे आपण कसे पाहतो, त्यावर आपण इस्पितळाकडे काय मागतो हे ठरते. त्याविषयी पुढे लिहूच.

ही प्रथा फार जुनी आहे. अथेन्स येथे अस्क्लेपियस या ग्रीक आरोग्यदेवतेचे मंदिर होते. तेथे सापडलेल्या एका शिलापटावर शस्त्रक्रियेच्या सुऱ्यांची उघडी पेटी कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक तुंबडी आहे. तुंबडी लावणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील वृद्धांना विचारावे. त्या दगडावर ना वैद्य, ना रोगी. आहेत ती केवळ अवजारे. आपल्या महाराष्ट्रात खंडेनवमीला आपले शेजारी नांगर, शिलाई मशीन, रिक्षा यांची पूजा करतात, त्या दिवशी काही इस्पितळांत ऑपरेशनच्या अवजारांनाही झेंडूची फुले वाहिली जातात. ट्रेमध्ये मांडलेल्या कातऱ्या व चिमटे आणि त्यांवर केशरी फुले, हे आयतेच स्थिरचित्र म्हणायचे. आपली उपासना निराळी असली तरी ज्या साधनावर आपले पोट आहे त्याच्याविषयी कृतज्ञ असावे, ही भावना आपल्याला परकी नाही. १९८४ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या आशीर्वादांच्या पुस्तकात कामाच्या साधनांना आशीर्वाद देण्याचा विधी आहेच.

तथापि, यशया संदेष्ट्याने एका सुताराची थट्टा केली आहे, ती विसरता येत नाही. तो सुतार एकाच ओंडक्याचे अर्धे लाकूड जाळून त्यावर भाकर भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. आपल्याच हातांनी केलेल्या वस्तूपुढे माणूस वाकतो, तेव्हा त्याला भानही नसते. आजच्या काळात हा धोका लाकडी मूर्तींपेक्षा चकचकीत यंत्रांकडून अधिक आहे, असे आमचे मत आहे.

मग चित्रात रुग्ण नाही, हाच दोष मानायचा का? तसे म्हणावे तर आपल्या पूर्वजांनी उभारलेले दगडी क्रूस आडवे येतात. मुंबई व परिसरातील जुन्या क्रुसांजवळ जरा थांबून पाहावे. त्यांपैकी अनेकांवर हातोडा, खिळे, सांडशी, शिडी, भाला आणि कोंबडा कोरलेला आढळतो. बहुधा त्यांवर प्रभूची आकृती नसते. दिसतात ती त्याच्या दुःखसहनाची अवजारे. तरीही त्या दगडापुढे मेणबत्ती लावणारी म्हातारी हातोड्याला नमस्कार करत नाही. तो खिळा कोणाच्या हातात शिरला, हे तिला ठाऊक असते. संत अपोलोनियेचेही तसेच. इ.स. २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात छळ करणाऱ्यांनी तिचे दात पाडले. पुढे चित्रकारांनी तिच्या हातात दात धरलेला चिमटा दिला आणि दंतवैद्य तिला आपली आश्रयदात्री मानू लागले. म्हणजे माणूस चित्रात दिसत नसला तरी चालते. पण अवजाराने त्याच्याकडे बोट दाखवले पाहिजे.

येथे थोडे तत्त्वज्ञान. संत थॉमस अक्वायनस यांनी साक्रामेंतांविषयी लिहिताना कुऱ्हाडीचे उदाहरण घेतले आहे. कुऱ्हाड लाकूड तोडते, ते तिच्या स्वतःच्या धारेने. परंतु त्या लाकडातून पलंग तयार होतो, तो सुताराच्या कलेने. एकाच घावात दोन कामे होत असतात: एक अवजाराच्या अंगचे आणि दुसरे त्याला हाताने दिलेले. पहिल्यावाचून दुसरे होत नाही, कारण बोथट कुऱ्हाडीने पलंग होणार नाही. पण पहिले झाले म्हणून दुसरे झालेच, असेही नाही. शस्त्रक्रियेची सुरी कापते ती धारेने, आणि मारेकऱ्याच्या हातातही ती तेवढीच कापेल. बरे करणे हे तिचे दुसरे काम. ते तिच्या पोलादात नसते. चित्रकार जेव्हा पोलादाची केवळ चमक रंगवतो, तेव्हा तो पहिल्या कामाचा गौरव करतो. दुसरे काम रंगवणे अवघड आहे.

आणि पहिल्या कामाच्या चमकेखाली पुष्कळ काही झाकले जाते. दोन उदाहरणे देतो. अडलेल्या बाळाला बाहेर काढण्यासाठी प्रसूतीत जो चिमटा वापरतात, तो इंग्लंडमधील चेंबरलेन कुटुंबाने १६०० च्या सुमारास तयार केला. उत्तम शोध! पण त्या कुटुंबाने तो शंभर वर्षांहून अधिक काळ गुप्त ठेवला. सांगतात की, चिमटा सोनेरी नक्षीच्या मोठ्या पेटीतून बाळंतिणीच्या खोलीत नेला जाई आणि तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाई, म्हणजे गुपित फुटू नये. बाहेर इतर सुइणींच्या हाताखाली माता आणि बालके मरत होती. १८१३ साली इसेक्समधील एका घराच्या जमिनीच्या फळ्यांखाली हे चिमटे सापडले. आज ते संग्रहात आहेत आणि त्यांचे सुंदर चित्र सहज काढता येईल. फळ्यांखालची ती शंभर वर्षे त्या चित्रात कशी येणार?

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक. स्त्रियांच्या तपासणीसाठी वापरले जाणारे एक अवजार अमेरिकन डॉक्टर मॅरियन सिम्स यांच्या नावाने ओळखले जाते. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे त्यांनी प्रसूतीतील अंतर्गत जखमांवर शस्त्रक्रिया शोधून काढली. ज्यांच्यावर प्रयोग केले, त्या गुलाम स्त्रिया होत्या. अनार्का, बेट्सी आणि लूसी ही त्यांपैकी तिघींची नावे. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. गुलाम असल्याने त्यांच्या संमतीला काही अर्थच नव्हता. पुढे याच शस्त्रक्रियेमुळे असंख्य स्त्रियांचे आयुष्य सावरले, हेही तितकेच खरे. २०१८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्स यांचा पुतळा हटवण्यात आला. अवजार मात्र अजून वापरात आहे आणि ते वापरू नये असे कोणी म्हणणार नाही. पण त्याचा गौरव करायचा असेल, तर त्या तिघींना वगळून कसा करायचा?

दूर कशाला जायचे? सोनोग्राफीचे यंत्र पाहा. आईच्या उदरातील बाळाचे हृदय धडधडताना दाखवणारे हे यंत्र, स्तोत्रकर्त्याने पाहिले असते तर त्याने आणखी एक स्तोत्र रचले असते. त्याच यंत्राने आपल्या राज्यात काय केले? महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या. २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला होता आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला, तरीही हे घडले. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात, येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, अशी पाटी लावावी लागते. स्टेथोस्कोपच्या शेजारी अशी पाटी कधी लावावी लागली नाही. सोनोग्राफी यंत्राचे स्थिरचित्र कोणी काढले, तर त्याने ती पाटी चित्रातून गाळू नये, अशी आमची विनंती राहील. आणि हे केवळ इतरांचे पाप आहे असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. मुलगी झाल्यावर पेढे की नुसतीच बातमी, हा प्रश्न आपल्याही घरांत विचारण्यासारखा आहे.

स्टेथोस्कोपचा उल्लेख आला, तर त्याची जन्मकथा सांगायलाच हवी. १८१६ साली पॅरिसच्या नेकर इस्पितळात रने लेनेक या श्रद्धावान कॅथलिक डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुणी आली. त्या काळी डॉक्टर छातीला थेट कान लावून ऐकत. तिच्या बाबतीत त्यांना ते प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. ठोके नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे ते स्वतः लाकडाच्या नळ्या कातून घेत. १८२६ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, ते क्षयाने वारले. ज्या रोगाचे आवाज त्यांनी जगाला ऐकायला शिकवले, त्याच रोगाने. म्हणजे या अवजाराचा उगम एका स्त्रीची लाज राखण्यात आहे. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात लेनेक यांचे शार्त्रान यांनी काढलेले एक मोठे चित्र आहे. त्यात नळी त्यांच्या हातात आहे आणि कान मात्र रुग्णाच्या छातीला लावलेला आहे. काही जण याला चित्रकाराचा गोंधळ म्हणतील. आम्हाला ते चित्र तसेच आवडते.

आता ज्या एका चित्रासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याविषयी. विन्सेंट व्हॅन गॉग हे पाळकाचे पुत्र. काही काळ बेल्जियममधील खाणकामगारांत शुभवर्तमानाचा प्रचारही त्यांनी केला होता. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री, फ्रान्समधील आर्ल येथे, मन ढळलेल्या अवस्थेत त्यांनी स्वतःचा कान कापला. ७ जानेवारी १८८९ रोजी इस्पितळातून घरी आल्यावर ज्या चित्रांपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, त्यांत एक स्थिरचित्र आहे. लाकडी टेबलावर बशीत कोंब फुटलेले कांदे, पाइप व तंबाखू, मेणबत्ती, एक पत्र, एक बाटली आणि रास्पाय नावाच्या लेखकाचे घरगुती आरोग्याचे पुस्तक. रास्पाय यांचा कापरावर फार भरवसा होता. झोप यावी म्हणून आपण उशीत आणि गादीत भरपूर कापूर घालतो, असे व्हॅन गॉग यांनी त्याच महिन्यात भावाला कळवले होते.

या चित्रात सुरी नाही की चिमटा नाही. वैद्यकाची एकच वस्तू आहे, ती म्हणजे गरिबाने विकत घ्यावे असे एक पुस्तक. पण हे टेबल डॉक्टरांचे नाही. ते रुग्णाचे आहे. उद्या पुन्हा झटका येईल का, या भीतीने ज्याला झोप लागत नाही, त्याने हाताशी काय काय ठेवले आहे ते आपण पाहतो: औषधाचे पुस्तक, भावाचे पत्र, उजेड, आणि कोंब फुटलेला कांदा. तो माणूस चित्रात नाही. तरीही आपण त्याच्याच खुर्चीत बसून ते टेबल पाहत असतो. आमच्या मते वैद्यकाच्या साधनांचे स्थिरचित्र असावे तर असे. नेदरलँड्समधील क्रोलर-म्युलर संग्रहालयात ते आहे. तेथे जाणे आपल्याला जमणार नाही, पण पुस्तकांत ते पाहायला मिळते.

असे टेबल आपणही पाहिले आहे. २०२० आणि २०२१ साली आपल्या किती घरांत ऑक्सिमीटर, थर्मामीटर, वाफेचे भांडे, काढ्याचा पेला आणि मोबाइल फोन एकाच स्टुलावर मांडलेले होते! बोटाला लावलेल्या त्या एवढ्याशा यंत्रावरचा आकडा ९४ चा ९३ झाला की घरभर शांतता पसरे. यंत्र आकडा सांगत होते. दाराबाहेर डबा ठेवून जाणारा शेजारी, किंवा व्हिडिओ कॉलवर जपमाळ म्हणणारी आई, हे दुसरे काम करत होते.

अतिदक्षता विभागात मात्र या दोन कामांची गल्लत होते आणि मग लोक आमच्याकडे येतात. व्हेंटिलेटर काढायला संमती दिली तर आम्ही बापाला मारल्यासारखे होईल का, असे रडत विचारतात. दागिने गहाण पडलेले असतात आणि डॉक्टरांनी सुधारणेची आशा सोडलेली असते. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांशी बोलताना याच प्रश्नाला उत्तर दिले होते. जीव राखण्यासाठी साधारण साधने वापरणे आपले कर्तव्य आहे. रुग्णावर वा कुटुंबावर अतिशय मोठे ओझे घालणारी असाधारण साधने वापरलीच पाहिजेत, असे बंधन नाही. मरण ओढवून आणणे आणि मरण अडवून धरण्याची धडपड थांबवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुप्फुसात हवा ढकलणे हे यंत्राचे पहिले काम आणि ते यंत्र शेवटपर्यंत चोख करील. दुसरे काम ते करू शकत आहे का, हे यंत्राला विचारून कळणार नाही; ते डॉक्टरांना, रुग्णाला शक्य असल्यास रुग्णाला, आणि प्रार्थनेत देवाला विचारावे लागते. यंत्र थांबले तरी अंग पुसणे, ओठ ओले करणे, वेदना कमी करणे आणि हात धरून बसणे थांबत नाही. जो निर्णय घ्यायचा तो घाईने वा भावंडांच्या भांडणात घेऊ नये. आम्हाला रात्री-अपरात्री बोलवायला संकोच करू नका.

संत लूक यांच्याकडे परत येऊ. रक्तस्रावाने पीडित स्त्रीची हकिगत सांगताना मार्क स्पष्ट लिहितो की, पुष्कळ वैद्यांच्या हातून तिला त्रासच झाला आणि दुखणे वाढले. लूक तेवढे वाक्य सौम्य करतात. वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांभाळून घेतले, असे यावर गमतीने म्हटले जाते. दयाळू शोमरोन्याचा दाखला मात्र एकट्या लूक यांनीच दिला आहे आणि त्यात वैद्याची नजर दिसते. तेल, द्राक्षारस, जखमेवरच्या पट्ट्या, वाहून नेण्यासाठी जनावर आणि उतारशाळेच्या मालकाला दिलेली दोन नाणी: सगळ्या साधनांची नोंद आहे. त्याच वाटेवरून आधी गेलेल्या याजकाकडे काय काय सामान होते, ते लूक लिहीत नाहीत. आम्हा धर्मगुरूंना ती गाळलेली जागा बोचते.

रुग्णाभ्यंगासाठी आम्ही घरी जातो, तेव्हा पुष्कळदा घाईघाईने उशाजवळच्या टेबलावरील गोळ्यांची पाकिटे, इन्सुलिन, पाण्याची बाटली हटवली जाते आणि पांढरा रुमाल अंथरून त्यावर क्रूस व मेणबत्ती ठेवली जाते. पवित्र वस्तूंशेजारी औषधे बरी दिसत नाहीत, असे घरच्या बायकांना वाटते. आम्ही त्यांना सांगतो, थोडी बाजूला सारा, पण राहू द्या. वैद्य आणि जमिनीतून उगवणारे औषध ही दोन्ही परमेश्वराचीच देणगी आहे, असे बेनसिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात सांगितले आहे. तेलाच्या डबीला गोळ्यांच्या पाकिटाची अडचण होत नाही.

तर यंदा संत लूक यांच्या सणाच्या मिस्सेत आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, लॅब तंत्रज्ञ आणि औषध दुकानदार यांनी आपापले एक साधन अर्पणाच्या वेळी वेदीजवळ आणावे. नवीन आणू नये. रोजच्या वापरातले, झिजलेले आणावे. त्याच दिवशी दुपारी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांसाठी स्थिरचित्र स्पर्धा ठेवली आहे. विषय: आमच्या घरातील आजारी माणसाचे टेबल. आजी-आजोबांचा चष्मा, काठी, गोळ्यांची डबी, जे असेल ते काढावे. काढण्यापूर्वी ते टेबल ज्यांचे आहे त्यांना विचारून घ्यावे आणि त्यांच्याजवळ अर्धा तास बसावे. कागद धर्मग्राम कार्यालयात मिळेल. रंग घरून आणावेत.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू